मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले

एकतीस वर्षं हेच वाक्य लिहीत आलो
सावळीच्या मंडळीच्या वहीत, निळ्या शाईनं,
प्रत्येक सभेच्या डोक्यावर.
खाली विषय. गळतं टिन. पेटीचा फाटका भाता.
कब्रस्तानाच्या कुंपणात शिरणारी सोनाजीची म्हैस.
म्हशीचा रंगसुद्धा लिहिला आहे मी.

त्या सभेला वीज नव्हती.
पाच पंच, पाळकसाहेब, आणि दाराशी
चपला काढून उभी सुवार्ता.
खंडाऱ्यांचीच पोर. धाकट्या सुनेची,
नवरा गेल्यावर जिला त्यांनी
वसतिगृहाच्या चुलीपाशी ठेवलं.

कोनशिलेवर खंडारे. विहिरीच्या काठावर खंडारे.
अर्धी सावळी त्या घराण्यानं पाण्यात बुडवून वर काढली,
मीही त्यातलाच.

ती बोलली. सहा-सात वाक्यं असतील.
“गाण्याच्या वर्गानंतर मोठे बाबा मले थांबवून घेत.
पाचवीपासून.
आईले सांगतलं तं आई म्हणे, भाकर कोठून येते आपली?”
मग तिचा आवाज गेला.
बाहेर तुरीच्या खळ्यावर मळणीयंत्र चालू होतं,
आम्ही सगळे त्याच्याकडे कान लावून बसलो.

लाजरस पंच म्हणाले, प्रार्थना करू.
केली.
कुणी म्हणालं, गाव हसेल, आधीच आपण घरं किती.
कुणी म्हणालं, क्षमा हीच आपली ओळख,
आणि तिच्याकडे वळून, पोरी, तू केलीस का क्षमा?
जणू उसनी नेलेली पायलीभर ज्वारी
तिच्याकडेच थकली होती.
पाळकसाहेबांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.
त्यांच्या पगारावर कुणाची सही असते
मला ठाऊक आहे, ते पानही मीच आखतो.

आणि मी?
मी विचारलं, ‘ठराव’ लिहू की ‘चर्चा झाली’ लिहू?

विषय क्रमांक चार. कु. सुवार्ता खंडारे हिने
संबंधित व्यक्तीविषयी तक्रार मांडली.
कुटुंबातली बाब आहे. प्रार्थनेत ठेवावी.
कु. सुवार्ता हिने मन शांत होईपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये.
विषय क्रमांक पाच. म्हैस.

रविवारी पेटी वाजवायला प्रसन्नकुमारच बसले.
भाता नवा, सूर भरून येत होता.
बायकांच्या बाजूला ताटली हातोहात फिरली,
तिच्याशी आली तेव्हा डोरकसबाईंनी
ती तिच्या डोक्यावरून पलीकडे दिली,
लग्नाच्या पंगतीत पाण्याचा तांब्या देतात तशी.
माझ्या जिभेवरचा तुकडा
शेवटच्या गायनापर्यंत विरला नाही.

बुधवारी वही घेऊन वसतिगृहाच्या मागे गेलो.
ती सुपात तुरी पाखडत होती.
म्हटलं, पाहून घे, काही राहिलं असेल.
हात पदराला नाही, भिंतीला पुसले तिनं.
सावकाश वाचलं, बोट ठेवून.
“माह्यं नाव दोनदा लिवलं, मास्तर.
त्याचं एकडावही नाही.”
पान उलटलं, परत मागे आली.
“म्हशीच्या मालकाचं हाये.”

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

आज पुन्हा सभा.
सकाळच्या एसटीनं मायलेकी दारव्ह्याला गेल्या.
ठाण्यात काय लिहून घेतील, किती वेळ बसवून ठेवतील,
परत येतील तेव्हा चुलीपाशी दुसरी बाई असेल का,
मला काहीच माहीत नाही.
मला एवढंच येतं: रेघ मारणं, तारीख टाकणं.
विषय क्रमांक चार खोडला.
खाली तिची सहा वाक्यं, तिच्याच बोलीत, न सुधारता.
समासात नाव. प्रसन्नकुमार शांतवन खंडारे.
शाई तीच, निळी. हात हलला म्हणून
‘खं’वरचा टिंब जरा लांब पडला.

पाळकसाहेब म्हणतात, मास्तर,
वाचा मागील सभेचं इतिवृत्त.
समोरच्या खुर्चीत ते स्वतः बसले आहेत,
मांडीवर गायनाचं पुस्तक, पांढरा सदरा.

चष्मा पुसतो.
खळं आज रिकामं आहे, यंत्र गेलं दुसऱ्या गावी.